विमानाचा मार्ग आखताना रेषा मध्येच तुटते? तपासणी या क्रमाने करा

विमानांची वाहतूक सांभाळायच्या गेममध्ये सगळं काही एका रेषेवर असतं. विमानावर बोट टेकवायचं, न उचलता धावपट्टीपर्यंत ओढायचं आणि सोडायचं. मेलबर्नच्या फायरमिंट कंपनीने 2009 साली आयफोनसाठी ‘फ्लाइट कंट्रोल’ आणला, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. आज त्याच धर्तीचे कितीतरी गेम मिळतात. चित्रं वेगळी, विमानतळ वेगळे, पण बोटाचं काम तेच आणि तक्रारही तीच: रेषा अर्ध्यात तुटते, विमान तुटलेल्या टोकापर्यंत जातं, तिथून सरळ निघतं आणि समोरच्यावर आदळतं. दोन विमानं भिडली की डाव संपला.

‘बाकी सगळं नीट चालतं, याच गेममध्ये असं होतं’ असं हमखास ऐकू येतं. त्याला कारण आहे. मेसेज वाचताना आपण स्क्रीन सरकवतो ते अर्ध्या सेकंदाचं काम. मध्ये क्षणभर स्पर्श हरवला तरी यादी आपल्या गतीने सरकत राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही. इथे मात्र बोट दोन-तीन सेकंद अखंड टेकलेलं असतं आणि स्क्रीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातं. त्या वाटेत एक क्षण जरी फोनला ‘बोट उचललं’ असं वाटलं, तर गेम रेषा तिथेच संपवतो. म्हणजे दोष आधीपासून असतो, तो दिसतो फक्त इथे.

दुसरी गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ही तक्रार घेऊन थेट दुकानात गेलात तर ‘डिस्प्ले बदलावा लागेल’ हे उत्तर तयार असतं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. चार्जर, टेम्पर्ड ग्लास आणि फोनची जेश्चर सेटिंग्ज (जेश्चर म्हणजे बोटांच्या ठरावीक हालचालीने फोनला दिलेला हुकूम), दोष बहुधा या तिघांपैकी एकात निघतो, आणि तिन्ही तपासायला पैसे लागत नाहीत.

आधी लक्षण नीट ओळखा

दोन-तीन डाव खेळा आणि रेषा तुटली की ती कुठे तुटली, किती बोटं टेकलेली होती, चार्जर लावलेला होता का, एवढं कागदावर टिपून ठेवा.

- रेषा दर वेळी स्क्रीनवरच्या एकाच पट्ट्यात तुटते: काच किंवा डिस्प्ले.
- कुठेही तुटते, पण फक्त चार्जिंग चालू असताना: चार्जर.
- दोन-तीन बोटं एकदम वापरली की सगळ्याच रेषा एका झटक्यात जातात, कधी स्क्रीनशॉट निघतो: जेश्चर.
- कडेवरून आत येणारं विमान पकडायला गेलं की गेम थांबतो किंवा बाहेर पडतो: कडेचं ‘मागे जा’ जेश्चर.
- रेषा तुटत नाही, पण गोलाईऐवजी कोनाकोनाची येते: फोन तापलाय किंवा मंदावलाय.
- बोट न लावता विमानाचा मार्ग बदलतो: भूतस्पर्श. हे लक्षण गंभीर असू शकतं, त्याबद्दल शेवटी.

यात न बसणाऱ्या दोन तक्रारी म्हणजे बिघाडच नव्हेत. रेषा धावपट्टीपर्यंत पोचते पण विमान उतरत नाही, तेव्हा रेषा बहुधा चुकीच्या टोकाकडून आलेली असते. या गेममध्ये धावपट्टीचं सहसा एकच टोक उतरायला चालतं, तिथे बाणाच्या किंवा दिव्यांच्या खुणा असतात. शिवाय विमानाचा आणि पट्टीचा रंग जुळावा लागतो. हेलिकॉप्टरचं तसं नाही, हेलिपॅडला ते कुठूनही आलेलं चालतं. पट्टीच्या थोडं अलीकडे वळून, तिच्या रेषेत येऊन मग टेकवा.

दुसरी तक्रार म्हणजे विमानावर बोट ठेवूनही रेषा सुरूच होत नाही. बोटाचं टोक आपल्याला जिथे टेकलंय असं वाटतं, त्यापेक्षा फोनला लागणारा बिंदू थोडा खाली, मनगटाच्या बाजूला असतो, कारण फोन टेकलेल्या सबंध भागाचा मध्य धरतो. छोटं विमान असेल तर नेम तिथेच चुकतो. विमानाच्या किंचित वर नेम धरा, किंवा बोट जरा उभं धरा. एवढ्याने सुटलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

बोट, काच आणि फोन ठेवायची जागा

आजच्या फोनच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणारी विद्युत तारांची आडवी-उभी जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जागेचा थोडा विद्युतभार बोटाकडे ओढला जातो आणि कुठे किती फरक पडला यावरून फोन बोटाची जागा ठरवतो. दाबाचा इथे संबंध नाही, म्हणून जोरात दाबून उपयोग नसतो. पण घाम, पाणी आणि तेलाचा थरही हाच फरक पाडतो. बोट घामेजलेलं असेल तर मागे ओला माग राहतो, आणि फोनला एका बोटाऐवजी लांबट डाग किंवा दोन तुकडे दिसतात. कोकणात पावसाळ्यात ही तक्रार वाढते ती यामुळेच.

तेव्हा हात धुऊन कोरडे करा. फोन बंद करून कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याने काच पुसा. चिकटपणा असेल तर फडकं पाण्याने जेमतेम ओलं करा, किंवा 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वाइप वापरा. खिडक्या पुसायचा अमोनियावाला स्प्रे वापरू नका. काचेवर तेल न धरणारा पातळ थर असतो, तो त्याने उडतो आणि मग बोट अडखळत सरकतं. घाम थांबतच नसेल तर गेम खेळणारे वापरतात ती बोटात घालायची वीजवाहक धाग्याची टोपी चांगली चालते.

उलट प्रकारही असतो. थंडीत कोरडी पडलेली, घट्टे पडलेली किंवा चिकटपट्टी लावलेली बोटाची टोकं फोनला क्षीण लागतात. दुसऱ्या बोटाने त्याच मार्गाने रेषा ओढून पाहा. तिने तुटत नसेल तर फोन ठीक आहे.

आता एक गोष्ट, जी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फोन गादीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवून, हातात न धरता, फक्त बोट टेकवून खेळता का? फोन हातात असतो तेव्हा त्याचं शरीर आपल्या शरीराशी विद्युतदृष्ट्या जोडलेलं असतं आणि बोटाचा संकेत ठळक येतो. नुसत्या गादीवर पडलेल्या फोनला हा आधार मिळत नाही. अंगठ्यासारखा जाड स्पर्श किंवा दोन जवळजवळची बोटं मग मध्येच विरतात. दुसऱ्या हाताने फोन उचलून धरा आणि तीच रेषा पुन्हा ओढा. फरक पडला तर दुरुस्ती एवढीच: फोन धरून खेळा.

कव्हरही काढून पाहा. कव्हरची कड स्क्रीनवर चढत असेल तर कडेवरून येणारी विमानं पकडता येत नाहीत, आणि कडा वाकवलेल्या स्क्रीनचा फोन असेल तर अंगठ्याचा गड्डा कडेवर टेकून तोच एक स्पर्श धरला जातो. आयफोन एका वेळी पाचच स्पर्श ओळखतो. दोन मुलं मिळून एका फोनवर खेळत असली की त्यातले एक-दोन असे तळहातातच वाया जातात.

चार्जर काढा

ही तपासणी पाच सेकंदांची आहे, पण तिच्यावर जरा थांबू या, कारण विनाकारण बदललेले डिस्प्ले इथेच सर्वांत जास्त वाचतात.

चार्जर भिंतीतली वीज कमी दाबाची करताना ती अतिशय जलद उघडझाप करून तोडतो. चांगल्या चार्जरमध्ये या उघडझापीची खळबळ गाळणारे भाग नीट बसवलेले असतात. स्वस्तातल्या, नकली किंवा जुन्या चार्जरमध्ये ते नसतात किंवा खराब झालेले असतात. मग ही खळबळ केबलमधून सबंध फोनमध्ये येते. फोन सगळाच्या सगळा त्या खळबळीसोबत वरखाली होत असल्यामुळे एरवी काही जाणवत नाही. बोट टेकलं की मात्र, तुम्ही जमिनीशी जोडलेले असल्यामुळे, नेमक्या बोटाच्या जागी ती उमटते. म्हणजे फोनला जिथे सर्वांत स्वच्छ संकेत हवा, तिथेच गोंगाट होतो. परिणाम दोन: रेषा थरथरत कंगव्यासारखी येते, किंवा तुटून दुसरीकडे उडी मारते.

चार्जर काढून दोन डाव खेळा. दोष गेला तर तोच फोन, तीच केबल घेऊन पॉवर बँकेला लावा. पॉवर बँकेवर त्रास नसेल तर केबल आणि फोन दोन्ही निर्दोष, दोष भिंतीतल्या चार्जरचा. पॉवर बँकेवरही त्रास होत असेल तर दुसरी केबल लावून पाहा. चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेला बोट फिरवताना हलकीशी झिणझिण जाणवणं ही या प्रकाराची ओळखीची खूण आहे. दोन पिनचा प्लग उलटा घालून कधी कधी फरक पडतो, पण तो इलाज नव्हे. फोनच्या कंपनीचा किंवा बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह असलेला खात्रीचा चार्जर घ्या. झिणझिण नसून चटका बसत असेल तर तो चार्जर पुन्हा सॉकेटमध्ये घालूच नका, आणि घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

बॅटरी सेव्हर, उष्णता, रीस्टार्ट

फोन एकदा पूर्ण बंद करून सुरू करा. बॅटरी सेव्हर बंद करा. तो चालू असला की प्रोसेसरचा वेग आणि स्क्रीन ताजी होण्याचा वेग, दोन्ही खाली येतात. सेकंदाला 120 वेळा स्पर्श मोजणारा फोन दर 8.3 मिलिसेकंदांनी बोटाची जागा विचारतो, 60 वर आला की दर 16.7 मिलिसेकंदांनी. झपकन वळण घेतलं तर दोन मोजण्यांमधलं अंतर वाढतं आणि गोल वळणाचा कोन होतो.

उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी नुसत्या पंख्याखाली खेळत असाल तर उष्णतेचा विचार आधी करा. आयफोन 0 ते 35 अंश सेल्सियस तापमानात वापरावा असं ॲपल सांगतं. त्यापुढे कुठलाही फोन स्वतःला थंड ठेवायला वेग कमी करतो. कव्हर काढा, चार्जिंग थांबवा, दहा मिनिटं पंख्याखाली राहू द्या. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

दोष काचेत की सॉफ्टवेअरमध्ये: एक पक्की चाचणी

अँड्रॉइडमध्ये यासाठी साधन आधीपासून दिलेलं आहे. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा, ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा. (शाओमीच्या फोनवर सहसा त्याऐवजी आवृत्तीच्या ओळीवर टॅप करावं लागतं.) ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ दिसू लागतील. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा. स्क्रीनच्या माथ्यावर आकड्यांची पट्टी येते आणि बोटामागे माग उमटतो. डेव्हलपर ऑप्शन्समधल्या बाकी कशालाही हात लावू नका.

आता डावीकडून उजवीकडे, बोट न उचलता, सावकाश आडवी रेषा ओढा. पट्टीत अगदी डावीकडे ‘पी’ या इंग्रजी अक्षरापुढे दोन आकडे असतात: आत्ता किती स्पर्श आहेत, आणि या खेपेत जास्तीत जास्त किती होते. एका बोटाला तिथे 1 / 1 दिसलं पाहिजे आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं पाहिजे. मध्येच 0 झालं तर स्पर्श हरवला. आणखी एक खूण आहे. स्पर्श हरवून पुन्हा लागला की फोन ती नवी सुरुवात समजतो आणि आधीचा माग पुसून टाकतो. म्हणजे तुम्ही सबंध रेषा ओढली असूनही शेवटी फक्त उजवीकडचा तुकडा उरतो. त्या तुकड्याची डावी सुरुवात जिथे आहे, बरोबर तिथे स्पर्श तुटला. एका बोटाला 2 / 2 दिसलं तर दुसरा स्पर्श भुताचा आहे.

अशा रेषा बोटभर अंतराने वरपासून खालपर्यंत ओढा, मग उभ्या, मग दोन्ही कर्ण. फोन आडवा धरूनही करा, कारण गेम आडवाच खेळला जातो आणि स्क्रीनचा जो भाग एरवी वरच्या पट्टीखाली दडलेला असतो तो तेव्हा वापरात येतो. सगळ्या रेषा अखंड आल्या तर हीच चाचणी चार्जर लावून पुन्हा करा.

सॅमसंगच्या फोनवर डायलरमध्ये *#0*# टाइप केलं की तपासणीचा तक्ता उघडतो, त्यातल्या ‘टच’मध्ये चौकटी बोटाने रंगवत जायच्या. न रंगणारी चौकट म्हणजे मृत जागा. शाओमीसाठी *#*#6484#*#* आहे. आयफोनमध्ये असं काही नाही. तिथे ‘नोट्स’मध्ये चित्र काढायचं पान उघडून बोटाने सबंध पान भरून आडव्या-उभ्या रेषा ओढा. किंवा होम स्क्रीनवरचं एखादं ॲप दाबून धरा आणि हलवायला तयार झालं की ते सगळ्या स्क्रीनवर फिरवा. दर वेळी एकाच जागी ते हातातून सुटत असेल तर ती जागा मेली आहे.

निकाल असा वाचायचा. माग अखंड, पण गेममधली रेषा तुटते: हार्डवेअर ठीक, जेश्चर किंवा गेम तपासा. माग स्वतःच तुटतो: सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नका, सरळ टेम्पर्ड ग्लासकडे जा.

माग अखंड असेल तर: जेश्चर

फोनला जेव्हा वाटतं की ही हालचाल गेमसाठी नसून माझ्यासाठी आहे, तेव्हा तो गेमला ‘तो स्पर्श रद्द समज’ असा निरोप देतो. गेमला रद्द आणि उचललेलं बोट यात फरक करता आला नाही की रेषा संपते.

सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे तीन बोटं खाली ओढून स्क्रीनशॉट. शाओमी, रियलमी, ओप्पो, विवो, वनप्लस अशा बऱ्याच फोनवर हे असतं. तीन विमानं एकदम वळवायला तीन बोटं टेकली आणि ती साधारण खाली सरकली की तिन्ही रेषा जातात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘स्क्रीनशॉट’ टाइप करा आणि तीन बोटांचं जेश्चर बंद करा. काही फोनवर तीन बोटांनी स्क्रीनचे दोन भाग करणं किंवा स्क्रीनचा तुकडा कापून घेणंही असतं, तेही बंद करा. सॅमसंगवर ‘पाम स्वाइप टू कॅप्चर’ नावाचं जेश्चर असतं: तळहाताची कड स्क्रीनवर घासली की स्क्रीनशॉट. टॅबवर हात टेकवून खेळणाऱ्यांना हे हमखास नडतं.

मग कडांचं बघा. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत बोट ओढलं की ‘मागे जा’. विमानंही नेमकी कडेवरूनच येतात. उपाय तीन. जेश्चर सेटिंग्जमध्ये मागे जाण्याची संवेदनशीलता कमीत कमी करा. किंवा नेव्हिगेशन परत तीन बटणांवर आणा, या गेमसाठी हाच उपाय मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. किंवा फोनच्या गेम मोडमध्ये जेश्चर रोखायची सोय असेल तर ती वापरा. आणि सवय म्हणून, विमान पूर्ण आत येऊ द्या, मग धरा. एक सेकंद जातो, डाव वाचतो.

आयपॅडवर चार-पाच बोटांनी ॲप बदलण्याचं जेश्चर असतं. दोघं मिळून खेळताना चार बोटं सहज होतात. ते ‘मल्टिटास्किंग अँड जेश्चर्स’मध्ये बंद होतं. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीमधल्या ‘टच’ विभागात ‘रीचेबिलिटी’ (स्क्रीनचा वरचा भाग खाली ओढणारी सोय) आणि ‘टच ॲकॉमोडेशन्स’ पाहा. दुसरं चालू असेल आणि त्यात ‘होल्ड ड्युरेशन’ लावलेलं असेल तर बोट ठरावीक वेळ टेकल्याशिवाय स्पर्श धरलाच जात नाही. पण कुणाला हात थरथरण्यामुळे त्याची गरज असेल तर बंद करण्याआधी त्यांना विचारा. फोन एकाच ॲपमध्ये अडकवून ठेवणारा ‘गाइडेड ॲक्सेस’ लावला तर खेळताना गेममधून बाहेर पडण्याची भीती राहत नाही. लहान मुलांच्या हातात देताना मी तो लावायलाच सांगेन.

जेश्चर बंद करूनही रेषा तुटत असेल तर वर तरंगणारी ॲप्स बंद करा: चॅटचे गोल फुगे, स्क्रीन रेकॉर्डर, निळा प्रकाश गाळणारी ॲप्स. अँड्रॉइड सेफ मोडमध्ये सुरू करून (पॉवर मेन्यूतलं बंद करण्याचं चिन्ह दाबून धरल्यावर पर्याय येतो) पॉइंटर लोकेशन आणि चित्र काढण्याचं मूळचं ॲप पाहा. नंतर आणलेली ॲप्स सेफ मोडमध्ये चालत नाहीत, त्यामुळे गेम तिथे उघडणार नाही, पण तिथे सगळं सुरळीत असेल तर आणलेल्या ॲपपैकीच कोणीतरी मध्ये येतंय.

गेम जुना असेल तर वेगळा हिशोब. आयओएस 11 ने 2017 साली जुन्या पद्धतीची, 32 बिटांची ॲप्स बंद केली, आणि अँड्रॉइड 14 फार जुन्या आवृत्तीसाठी बनवलेली ॲप्स मुळात बसवूच देत नाही. जुना गेम कसाबसा चालत असेल तर त्याचं स्पर्शाचं गणित जुन्या स्क्रीनसाठी लिहिलेलं असतं. ‘फ्लाइट कंट्रोल’ 2015 मध्ये ॲप स्टोअरवरून गेला. त्याच्या नावाने कुठल्याही साइटवरून फाइल उतरवून घेऊ नका, अशा फाइलमधून दुसरंच काही फोनमध्ये शिरतं. त्याच धर्तीचा अजून अपडेट मिळत असलेला गेम घ्या.

माग तुटत असेल तर: टेम्पर्ड ग्लास

बोट आणि जाळी यांच्यात जितकं अंतर, तितका संकेत क्षीण. नेहमीची टेम्पर्ड ग्लास साधारण 0.33 मिलिमीटर जाडीची असते आणि चांगली चिकटलेली असेल तर त्रास देत नाही. त्रास देतो तो मधला हवेचा थर. स्वस्त ग्लास फक्त कडेला चिकटलेली असते आणि मधोमध पोकळी राहते. उजेडात तिरपी धरून पाहा, मध्यभागी ठिपक्यांची जाळी किंवा इंद्रधनुषी चट्टे दिसले तर ती तीच. चीर गेलेल्या ग्लासमध्ये घाम शिरतो आणि चिरेच्या बाजूने स्पर्श तुटतो. एकावर एक दोन ग्लास लावलेल्याही बघायला मिळतात.

काढताना कोपऱ्याखाली जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवा, सावकाश उचला. तडकलेली असेल तर आधी वरून रुंद चिकटपट्टी लावा म्हणजे तुकडे उडणार नाहीत. काच पुसा आणि पॉइंटर लोकेशनची चाचणी पुन्हा करा. रेषा अखंड आली तर शे-दोनशेची नवी, सबंध पृष्ठभागावर चिकटणारी ग्लास घ्या. जाड ग्लास ठेवायचीच असेल तर सॅमसंगच्या काही फोनवर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ असतं, ते लावा. ग्लास नसताना मात्र बंद करा, नाहीतर काचेपासून थोडं वर असलेलं बोटही लागल्यासारखं धरलं जाईल. यूव्ही दिव्याने सुकवायच्या गोंदाची ग्लास टाळा. पातळ गोंद स्पीकरच्या जाळीत आणि बटणांत उतरतो.

ग्लास काढूनही माग तुटत असेल तर फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करा. त्यानंतर, सगळा बॅकअप घेऊन, फॅक्टरी रीसेट हा घरी करता येण्यासारखा शेवटचा उपाय. पण माग दर वेळी एकाच पट्ट्यात तुटत असेल तर रीसेटच्या भानगडीत पडू नका. सॉफ्टवेअरचा दोष स्क्रीनवर जागा धरून बसत नाही.

इथे थांबा

यातलं काहीही दिसलं तर पुढची कुठलीही तपासणी घरी करू नका:

- स्क्रीन एका बाजूने वर आलीय, मागचं झाकण फुगलंय, किंवा फोन सपाट टेबलावर डुलतो. बॅटरी फुगली आहे. ती आतून डिस्प्लेला ढकलते, म्हणून स्पर्श तुटतो. चार्जिंग बंद, फोन बंद, दाबून बसवायचा प्रयत्न नाही, टोचायचं तर मुळीच नाही. त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर.
- फोन पाण्यात पडला होता. तांदळाच्या डब्यात ठेवून आतलं पाणी जात नाही, आणि कनेक्टर गंजत राहतो.
- पडल्यानंतर दोष सुरू झाला. काच शाबूत असली तरी आतली जोडणी ढिली झालेली असू शकते. 2016 मध्ये ॲपलने आयफोन 6 प्लससाठी स्पर्शाच्या दुरुस्तीची खास योजना काढली, तेव्हा वारंवार कठीण जागी पडणं आणि नंतरचा ताण हेच कारण दिलं होतं.
- भूतस्पर्श चार्जर काढूनही चालूच आहे. फोन आपोआप नंबर लावतो, पेमेंट ॲप उघडतो. चालू आहे तोवर बॅकअप घ्या, पेमेंट ॲपमधून बाहेर पडा.

वॉरंटी असेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटर. एखाद्या मॉडेलमध्ये डिस्प्लेचा दोष कंपनीने स्वतः मान्य केलेला असतो. आयफोन 11 च्या नोव्हेंबर 2019 ते मे 2020 दरम्यान बनलेल्या काही फोनसाठी ॲपलने विनामूल्य डिस्प्ले बदलून दिला होता. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून आपल्या फोनचं बघा.

बाहेरच्या दुकानात जात असाल तर पॉइंटर लोकेशनचा तुटलेला माग आणि वरचे आकडे दिसतील असा व्हिडिओ दुसऱ्या फोनवर काढून न्या. ‘टच चालत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘या पट्ट्यात स्पर्श तुटतो, चार्जर नसतानाही, ग्लास काढूनही’ असं सांगा. आधी डिस्प्लेचा कनेक्टर काढून, साफ करून, परत बसवून बघायला सांगा, पडलेल्या फोनमध्ये अनेकदा एवढ्यावर काम होतं. डिस्प्ले बदलावाच लागला तर तो मूळ कंपनीचा आहे की कॉपी, हे पावतीवर लिहून घ्या. कॉपी पॅनेल चित्राला बरं दिसतं, पण स्पर्श मोजण्याचा वेग आणि बहुस्पर्श (एकदम अनेक बोटं ओळखणं) यात कमी पडतं, आणि या गेमला नेमकं तेच लागतं. फोन उघडल्यावर पाणी रोखणारी गोंदाची पट्टी फाटते, ती नवी लावायला सांगा.

आणि झाकण चिकटवण्याआधी काउंटरवरच चाचणी घ्या: बोटभर अंतराने आडव्या रेषा, उभ्या रेषा, दोन्ही कर्ण, पाच बोटं एकदम, आणि हे सगळं दुकानातला चार्जर लावून पुन्हा एकदा. त्यात एकही रेषा तुटली तर पॅनेल तिथल्या तिथे बदलून घ्या.